चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मास्तरने पत्र्याच्या शेडमध्ये बसून इंग्रजीची कुंडली मांडली

शशी थरूर यांनी जबड्याला व्यायाम देणारा एखादा इंग्रजी शब्द टाकला की आपण काय करतो? मोबाईल काढतो, डिक्शनरी उघडतो, अर्थ वाचतो, दोन ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि विसरून जातो.

पण मोठ्या डिक्शनरीत अर्थाच्या आजूबाजूला बारीक अक्षरात अजून बरंच काही लिहिलेलं असतं. शब्द कुठून आला, पहिल्यांदा कुठल्या साली कुणी लिहिला, तेव्हा त्याचा अर्थ काय होता आणि आज काय झालाय. इंग्रजीतल्या जवळपास प्रत्येक शब्दाची अशी कुंडली मांडायचं काम एका माणसाने अंगावर घेतलं. दहा वर्षांत संपेल असा करार होता. त्याने छत्तीस वर्षं काम केलं आणि टी अक्षरापर्यंत येऊन तो गेला.

त्याचं नाव जेम्स मरे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा संपादक.

गडी ऑक्सफर्डचा नव्हता, साधा इंग्लंडचाही नव्हता. स्कॉटलंडच्या सीमेवर हॉइक नावाचं गाव आहे, त्याच्या जवळ डेनहोम म्हणून एक खेडं आहे. तिथल्या शिंप्याच्या घरात ७ फेब्रुवारी १८३७ ला त्याचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे चौदा वर्षांचा झाल्यावर शाळा सुटली. पण पोराला भाषांचं वेड लागलं होतं. हातात येईल त्या भाषेचं पुस्तक घ्यायचं आणि आपलं आपण शिकायचं. असं सांगतात की गाईंनी लॅटिनमध्ये मारलेल्या हाकेला ओ द्यावी म्हणून त्याने त्यांची शिकवणी घेतली होती. गाई किती शिकल्या देव जाणे.

सतराव्या वर्षी तो शाळेत मदतनीस मास्तर झाला आणि विशीत हेडमास्तर. त्या भागात जेम्स मरे नावाची माणसं पैशाला पासरी होती, म्हणून त्याने स्वतःच आपल्या नावात ऑगस्टस आणि हेन्री अशी दोन वजनदार नावं घुसवली.

आता थोडं आडवाटेला जाऊ, कारण हा माणूस स्कॉटलंडचा असणं या गोष्टीत महत्त्वाचं आहे.

स्कॉटलंडमध्ये एक आडनाव आहे. स्पेलिंग पाहून आपण सरळ मेंझीस वाचतो, पण तिथले जुने लोक ते मिंगिस असं म्हणतात. दुसरं एक आडनाव डालझील असं दिसतं आणि म्हणायचं असतं डीएल. यात त्या लोकांचा काही दोष नाही. जुन्या इंग्रजीत आणि स्कॉट्समध्ये योग नावाचं एक अक्षर होतं. दिसायला मराठीतल्या तीनच्या आकड्यासारखं, आणि उच्चार कधी य, कधी घ-ख च्या जवळचा. छापखाने आले तेव्हा खिळे बनवणाऱ्यांकडे हे अक्षरच नव्हतं. मग छापणाऱ्यांनी त्याच्यासारखा दिसणारा झेडचा खिळा लावला. अक्षर मेलं, झेड राहिला आणि पुढच्या पिढ्यांनी तो झेड म्हणूनच वाचायला सुरुवात केली.

तसंच दुसरं अक्षर होतं थॉर्न. उच्चार थ किंवा द. हस्तलिखितात ते वायसारखं दिसायला लागलं होतं, म्हणून छापताना वाय वापरला गेला. इंग्लंडमधल्या जुनाट दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर 'ये ओल्ड' लिहिलेलं असतं ना, ते मुळात 'द ओल्ड' आहे. ये असं कुणी म्हणतच नव्हतं.

मरे यांनी ही अक्षरं जुन्या ग्रंथांतून स्वतः वाचली होती. आपल्या भागातल्या बोलीवर त्यांनी १८७३ मध्ये एक पुस्तक काढलं आणि जुने स्कॉट्स ग्रंथ छापण्यासाठी संपादित केले. सुशिक्षित लोक जिला गावंढळ समजत, ती खेड्यातली बोली ही अशुद्ध इंग्रजी नसून तिला स्वतःचा जुना इतिहास आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. डिक्शनरीचं काम त्यांच्या हातात येण्यामागे ही सगळी मेहनत होती.

तिथपर्यंतचा रस्ता मात्र सरळ नव्हता. १८६२ मध्ये मॅगी स्कॉट या मुलीशी लग्न झालं. एक मुलगी झाली, ती तान्ही असतानाच गेली. मॅगीची तब्येत खालावली. हवापालट करा असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मास्तरकी सोडून मरे लंडनला आले आणि चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना या बँकेत कारकून झाले. मॅगी काही वाचली नाही. दिवसभर बँकेची खाती आणि रात्री भाषांची पुस्तकं असे ते दिवस गेले. ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरी मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला. आपल्याला येणाऱ्या आणि थोड्याफार कळणाऱ्या भाषांची त्यात भली मोठी यादी होती. अर्ज नामंजूर झाला.

१८६७ मध्ये त्यांनी ॲडा रुथव्हेन यांच्याशी दुसरं लग्न केलं. त्या लग्नात नवरदेवाचा पाठराखा कोण होता माहितीये? अलेक्झांडर ग्रॅहम बेल. हो, टेलिफोनवाला. विजेचे पहिले धडे त्याला मरे यांनीच दिले होते, आणि म्हणून पुढे बेल त्यांना टेलिफोनचे आजोबा म्हणायचा.

१८७० मध्ये लंडनजवळच्या मिल हिल शाळेत मरे पुन्हा मास्तर झाले. बाहेरून परीक्षा देऊन बीए झाले ते १८७३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

इकडे लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्येच ठरवलं होतं की इंग्रजीची एक नवी डिक्शनरी करायची. ही डिक्शनरी शब्द बरोबर की चूक हा न्याय करणार नव्हती, फक्त शब्दाचं चरित्र सांगणार होती. आणि चरित्र सांगायला पुरावा लागतो. म्हणून लोकांनी जुनी-नवी पुस्तकं वाचायची, शब्द सापडला की तो आणि त्याचं वाक्य अर्ध्या कागदावर उतरवायचं, वर लेखक, साल, पान लिहायचं आणि पाठवून द्यायचं. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज तिशीतच क्षयाने गेला. दुसरा फर्निव्हल, माणूस उत्साही पण विस्कळीत. वीस वर्षं गेली तरी एक पान छापलं गेलं नव्हतं.

१ मार्च १८७९ ला मरे यांनी ऑक्सफर्डच्या छापखान्याशी करार केला. मुदत दहा वर्षं, खंड चार आणि पानं सुमारे सात हजार.

मग फर्निव्हलकडून माल यायला लागला. सगळं मिळून दोन टनांच्या आसपास कागद. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात जिवंत उंदरीण पिल्लांसकट नांदत होती. काही अक्षरं गायबच. एचचे कागद शेवटी इटलीत फ्लॉरेन्सला सापडले. पीए पासून सुरू होणाऱ्या शब्दांचे कागद आयर्लंडमधल्या एका तबेल्यात होते आणि त्यातले बरेचसे शेकोटी पेटवायला वापरून झाले होते.

एवढं सामान घरात मावेना. ॲडाबाईंनीही हात टेकले असणार. मग मरे यांनी शाळेच्या आवारात पत्र्याची शेड बांधली आणि तिला नाव दिलं स्क्रिप्टोरियम. म्हणजे मध्ययुगात मठांमध्ये साधू लोक पोथ्या उतरवत बसायचे ती खोली. कागद ठेवायला १,०२९ कप्पे केले. कोलरिजने याच कामासाठी ५४ कप्प्यांचं कपाट केलं होतं, यावरून काम कुठल्या कुठे गेलं ते समजा.

आता या गोष्टीतली खरी गंमत.

मदतीसाठी लोकांनी पाठवलेले कागद लावायला घेतल्यावर मरे यांच्या लक्षात आलं की बहुतेक सगळ्यांनी चमत्कारिक शब्दच टिपलेत. वाचताना डोळा तिथेच अडखळतो ना! अब्यूझन नावाचा एक अडगळीत पडलेला शब्द आहे, त्याची पन्नासेक वाक्यं आली होती. आणि रोजच्या वापरातला अब्यूज? पाचसुद्धा नाहीत. त्यांनी पुन्हा आवाहन काढलं, साधे शब्द पाठवा म्हणून. तरी मरे यांना आणि त्यांच्या मदतनिसांना साध्या शब्दांची वाक्यं शोधण्यात कित्येक तास घालवावे लागले.

थरूरांचे शब्द पाठ करणाऱ्या आपल्यालाही हे लागू आहे. विचित्र शब्दाचा एक अर्थ असतो, एक जन्मकथा असते, विषय संपला. साधा शब्द मात्र शतकानुशतकं हजारो तोंडांतून फिरलेला असतो. नाइस घ्या. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अडाणी. इंग्रजीत आला तेव्हा कुणाला नाइस म्हणणं म्हणजे मूर्ख म्हणणं होतं. मग तो नखरेल झाला, चोखंदळ झाला, बारकावे पाहणारा झाला आणि शेवटी छान झाला. सिली उलट्या दिशेने गेला. सुरुवातीला सुखी, धन्य असा अर्थ, मग भोळा, मग बिचारा, मग बावळट. प्रत्येक वळण कुठल्या साली आलं, हे वाक्यांच्या पुराव्याने दाखवायचं. कारकुनी वाटणाऱ्या या कामाला प्रचंड डोकं लागतं.

१८८४ मध्ये पहिला भाग बाहेर आला. ३५२ पानं, आणि शब्द कुठपर्यंत? ए पासून अँट पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत. करारातली पाच वर्षं संपली होती.

छापखान्याच्या विश्वस्तांचं डोकं फिरलं. बेंजामिन जॉवेट हे ऑक्सफर्डमधलं बडं प्रस्थ या प्रकरणात पडलं होतं. वेग वाढवा, वाक्यं कमी करा, नामवंत साहित्यिकांची वाक्यं घ्या, वर्तमानपत्रांची कशाला असा त्या मंडळींचा सूर होता. मरे ठाम होते. आज भाषा कशी वापरली जाते हे पेपरमध्येच दिसतं, मग तो पुरावा का सोडायचा? राजीनाम्यापर्यंत गोष्ट गेली. शेवटी मरे यांचंच बरंचसं चाललं. पुढे दोघांची दोस्ती झाली आणि मरे यांनी आपल्या एका मुलाच्या नावात जॉवेट घातलं. अकरा पोरांपैकी बाकीच्यांची नावं ऑस्विन, एल्फ्रिक, रॉसफ्रिथ अशी. जुन्या इंग्रजीचं वेड पाळण्यापर्यंत पोहोचलं होतं. पोरं लिहायला-वाचायला लागली की कागद अक्षरवार लावायच्या कामाला बसायची, तासाला एक पेनी या दराने.

१८८५ मध्ये शाळा सोडून कुटुंब ऑक्सफर्डला ७८, बॅनबरी रोडवर राहायला आलं. मागच्या अंगणात पुन्हा पत्र्याची शेड. शेजारचे प्राध्यापक म्हणाले की आमच्या घरातून दिसणारं दृश्य बिघडतं, म्हणून शेड तीनेक फूट जमिनीत खाली घ्यावी लागली. परिणाम काय, तर हिवाळ्यात आत गारठा आणि ओल. मरे कोट घालून बसायचे आणि पायाला वारा लागू नये म्हणून पाय खोक्यात घालायचे. टपाल एवढं यायचं की पोस्टाने घरासमोर लाल पेटी बसवली. पाकिटावर मिस्टर मरे, ऑक्सफर्ड एवढं लिहिलं तरी पत्र पोहोचायचं.

या पत्रं पाठवणाऱ्यांत दोन माणसं भारी होती. एकाची गोष्ट सिनेमामुळे सगळ्यांना माहिती आहे. अमेरिकन लष्करातला डॉक्टर विल्यम मायनर, जन्म सिलोनचा. भ्रमिष्ट अवस्थेत त्याने १८७२ मध्ये लंडनमध्ये एका निरपराध कामगाराला गोळी घातली आणि ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या तुरुंगात त्याची रवानगी झाली. तिथल्या खोलीत पुस्तकं जमवून त्याने हजारो वाक्यं मरे यांना पाठवली. मरे त्याला मोठा डॉक्टर समजून भेटायला गेले आणि तिथे पोहोचल्यावर तो कैदी निघाला, ही कथा मात्र वर्तमानपत्री मसाला आहे. भेटीआधीच मरे यांना सगळं कळलेलं होतं. ते जाणूनबुजून गेले आणि नंतरही जात राहिले. १९१० मध्ये मायनरला अमेरिकेला परत पाठवलं गेलं, त्यासाठी मरे यांनी शब्द टाकला होता. तेव्हा आदेशावर सही करणारे गृहमंत्री होते विन्स्टन चर्चिल.

दुसऱ्यावर सिनेमा निघाला नाही, पण निघायला हवा. फिट्झएडवर्ड हॉल. हाही अमेरिकन. पळून गेलेल्या भावाला शोधायला घरच्यांनी त्याला जहाजावर बसवलं आणि ते जहाज १८४६ मध्ये गंगेच्या मुखाशी फुटलं. पठ्ठ्या भारतातच राहिला, हिंदुस्तानी आणि संस्कृत शिकला, बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवायला लागला. संस्कृत ग्रंथाचं संपादन करणारा तो पहिला अमेरिकन. १८५७ मध्ये सागरच्या किल्ल्यात वेढ्यात अडकला. नंतर लंडनला प्राध्यापक झाला, तिथे विद्वानांशी भांडण झालं, बदनामी झाली आणि तो एका खेड्यात जाऊन एकटाच राहिला. त्या एकांतात त्याने वीस वर्षं रोज चार-चार तास मरे यांच्या डिक्शनरीची प्रुफं तपासली, वाक्यं पुरवली. फुकट. मरे आणि हॉल यांची एकदाही भेट झाली नाही.

भारताचा विषय निघालाच आहे तर सांगतो, जंगल, पंडित, पायजमा, जगन्नाथावरून आलेला जगरनॉट हे शब्द मरे यांनी स्वतः हाताळलेल्या जे आणि पी या अक्षरांतले. आणि एम मध्ये आपलं मुंगूस मॉन्गूस होऊन बसलंय. ते मात्र मरे यांचे सहसंपादक हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याचं.

चुकाही झाल्या. बाँडमेड म्हणजे दासी, हा शब्द बायबलमध्ये आहे, पण त्याचे कागद हरवले आणि तो भाग छापून झाल्यावर सापडले. मरे यांच्या मनाला ते फार लागलं. पहिल्या भागात अमेरिकन शब्द आहे, आफ्रिकन नाही. अपेंडिसायटिसची तर वेगळीच तऱ्हा. १८८५ च्या सुमारास तो नवा आणि बोजड वैद्यकीय शब्द होता. ऑक्सफर्डमधल्या वैद्यकाच्या जाणकाराने सल्ला दिला की असले शब्द घेऊ नका. मरे यांनी वगळला. १९०२ मध्ये राजा सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आलेला असताना राजाच्या पोटात दुखायला लागलं, ऑपरेशन झालं, सोहळा पुढे ढकलला, आणि गल्लोगल्ली सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, अपेंडिसायटिस. लोक डिक्शनरी उघडून बघतात तर शब्दच नाही.

ऑक्सफर्डने त्यांना कसं वागवलं? ज्यांच्यामुळे विद्यापीठाचं नाव जगभर घराघरात पोहोचणार होतं, त्यांना एकाही कॉलेजने फेलो केलं नाही. बाहेरच्या विद्यापीठांनी पदव्या दिल्या, १९०८ मध्ये सर हा किताब मिळाला. ऑक्सफर्डची मानद डॉक्टरेट आली १९१४ मध्ये, तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते.

त्यांनी स्वतः ए ते डी, एच ते के, ओ, पी आणि टी एवढी अक्षरं हातावेगळी केली, जवळजवळ अर्धी डिक्शनरी. ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत सगळं संपवायचं त्यांच्या मनात होतं. १० जुलै १९१५ ला त्यांनी शेडमध्ये मदतनिसांबरोबर फोटो काढून घेतला. एल्सी आणि रॉसफ्रिथ या दोन मुलीही त्यात आहेत, त्या बापाबरोबर तिथेच काम करत होत्या. २६ जुलैला प्लुरसीने मरे गेले. चिनी भाषेचे पंडित जेम्स लेग हे त्यांचे मित्र, त्यांच्या शेजारी त्यांना पुरलं.

उरलेलं काम बाकीच्यांनी संपवलं. महायुद्ध संपल्यावर एक तरुण डब्ल्यूच्या शब्दांवर कामाला लागला. वॉलरस हा शब्द नेमका कुठून आला यावर त्याने पुन्हा पुन्हा कागद खरडले. त्याचं नाव जे. आर. आर. टॉल्किन, पुढे लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणारा.

अक्षरं वाटून दिलेली असल्याने एक्स, वाय, झेड १९२१ मध्येच छापून झाली. सगळ्यात शेवटी नोंद होती झिक्स्ट, केंट भागातल्या जुन्या बोलीतलं एक मेलेलं क्रियापद, अर्थ 'तू पाहतोस'. डब्ल्यूचा शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता, तो १९ एप्रिल १९२८ ला बाहेर पडला. चार खंडांचे दहा झाले होते, पानं पंधरा हजारांवर, शब्द ४,१४,८२५ आणि त्यांना पुरावा म्हणून दिलेली वाक्यं १८,२७,३०६.

बॅनबरी रोडवरच्या त्या घरासमोरची लाल टपालपेटी अजून तिथेच आहे.